जहाजाची यादी सर्वांत शेवटी : वसाहतकालीन अमेरिकेतील जर्मन पूर्वजाचा माग कसा काढावा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सून किंवा जावई पेन्सिल्व्हेनियाकडच्या जुन्या जर्मन घराण्यातले असण्याचे प्रसंग आता नवे राहिलेले नाहीत. नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ मांडायला बसले की आपल्या बाजूचे काम बऱ्याचदा कुलवृत्तान्तावर भागते. पलीकडच्या बाजूला मात्र अठराव्या शतकाच्या मध्याशी येऊन वाट खुंटते. येथे बहुतेक जण एकच चूक करतात. कुलवृत्तान्ताच्या सवयीने ते आधी मूळ पुरुष शोधतात. फिलाडेल्फियाला उतरलेल्यांच्या छापील याद्या उघडायच्या, आडनाव जुळणारा माणूस निवडायचा आणि तेथून एकेक पिढी खाली यायचे, असा हा क्रम असतो. म्युलर, श्नायडर, वेबर ही आडनावे त्या याद्यांत इतक्या वेळा येतात की अशी निवड म्हणजे पुण्याच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून एक जोशी उचलून त्याला आपला पणजोबा ठरवण्यासारखे आहे.

योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. माणूस आधी अमेरिकेतल्या एका ठरावीक टाउनशिपमध्ये (काउंटी म्हणजे जिल्हा, आणि टाउनशिप हा तिचा छोटा विभाग), त्याच्या शेजाऱ्यांसह, पंथासह आणि शक्य झाल्यास सहीसह पक्का करायचा. मग जहाज, आणि त्यानंतर जर्मनीतले गाव. पुढील सात टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. भर पेन्सिल्व्हेनियावर आहे, कारण वसाहतकाळात बहुसंख्य जर्मन लोक फिलाडेल्फियालाच उतरले आणि त्यांची तेथील कागदपत्रे सर्वांत भरघोस आहेत. समजण्यासाठी एक काल्पनिक माणूस सोबत घेऊ : १७९० च्या सुमारास बर्क्स काउंटीत राहणारा जॉर्ज मिलर आणि त्याचा न सापडलेला बाप.

पूर्वतयारी

पहिली तयारी नावाची. अठराव्या शतकातल्या जर्मन प्रोटेस्टंट घरात मुलाला बहुधा दोन नावे ठेवत आणि हाक दुसऱ्या नावाने मारत. एका घरात योहान गेओर्ग, योहान पेटर आणि योहान मिखाएल असे तीन भाऊ असले तर ते व्यवहारात गेओर्ग, पेटर आणि मिखाएल असतात. ‘योहान’ हे त्यांना ओळखण्याच्या कामाचे नाहीच. मात्र ‘योहानेस’ हे स्वतंत्र हाकेचे नाव आहे, आणि इंग्रजी कागदांत जॉन म्हणून येतो तो बहुधा हा योहानेस. मुलींमध्ये ‘आना’ आणि ‘मारिया’ यांचा असाच घोटाळा होतो. शिवाय स्त्रियांच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागतो. नोंदवहीत ‘म्युलरिन’ असेल तर आडनाव म्युलर असते. म्युलरिन नावाचे वेगळे घराणे शोधत बसू नये.

आडनावाची इंग्रजी रूपे दोन वाटांनी तयार झाली. एक कानाची वाट : इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, त्यामुळे ब–प, द–त, ग–क, फ–व यांची अदलाबदल झाली आणि श्नायडरचा स्नायडर, येगरचा यीगर झाला. दुसरी भाषांतराची : त्सिमरमान सुतार म्हणून कार्पेंटर झाला, श्वार्त्सचा ब्लॅक झाला, कोखचा कुक झाला, आणि एकाच येगर घराण्याची एक शाखा यीगर तर दुसरी हंटर झाली. शोध सुरू करण्यापूर्वी आडनाव मोठ्याने उच्चारून त्याची सुचतील तेवढी रूपे कागदावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक साधनात ती सगळी तपासावीत.

दुसरी तयारी कालगणनेची. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवी कालगणना घेतली, तर इंग्रजांच्या वसाहतींनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली; तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्यामुळे १७०० ते १७५२ या काळात दोन्हीकडच्या तारखांत अकरा दिवसांचा फरक आहे. त्याहून त्रासदायक म्हणजे इंग्रजी कायदेशीर वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होई, म्हणून ‘१० फेब्रुवारी १७३१’ ही तारीख आपल्या हिशेबाने १७३२ मधली असू शकते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कागदांत महिने आकड्यांनी येतात आणि १७५२ पूर्वी त्यांचा ‘पहिला महिना’ मार्च असतो. जर्मन पास्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, ‘७बर’ लिहितो तेव्हा त्याला सप्टेंबर म्हणायचे असते, जुलै नव्हे. तारीख वहीत आहे तशीच उतरवावी आणि रूपांतर वेगळ्या रकान्यात करावे.

तिसरी तयारी काउंटीच्या सीमांची, आणि ही टाळणारे लोक सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात. सुरुवातीला १६८२ मध्ये फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर अशा तीनच काउंट्या होत्या. लँकेस्टर १७२९ मध्ये, यॉर्क १७४९ मध्ये, कंबरलंड १७५० मध्ये, बर्क्स आणि नॉर्दॅम्प्टन १७५२ मध्ये झाल्या. माँटगोमेरी १७८४ ची, डॉफिन १७८५ ची आणि लेबनन थेट १८१३ ची. म्हणजे आजच्या लेबनन काउंटीतल्या एकाच शेताचे कागद काळानुसार चेस्टर, लँकेस्टर, डॉफिन आणि लेबनन अशा चार कचेऱ्यांत विभागलेले असू शकतात. आपला जॉर्ज मिलर टुल्पहॉकन भागातला असेल तर त्याच्या बापाचे १७५२ पूर्वीचे कागद बर्क्सच्या रेडिंग गावी नव्हे, तर लँकेस्टरला शोधावे लागतील. माणूस हलत नाही, हद्द हलते.

सावधान : ‘ते डच होते’ अशी घरातली आठवण असेल तर हॉलंडकडे धावू नये. पेन्सिल्व्हेनियात ‘डच’ म्हणजे ‘डॉइच’, जर्मन भाषा बोलणारे. त्याचप्रमाणे इंग्रजी कागदांतला ‘पॅलाटिन’ हा शब्द फाल्त्स प्रदेशापुरता नाही. व्युर्टेंबर्ग, बाडेन, हेसन किंवा स्वित्झर्लंडमधून आलेल्यालाही तोच शिक्का बसे.

टप्पा १ : आजपासून १७९० पर्यंत एकेक पिढी मागे

१८५० च्या जनगणनेत प्रथमच घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव आले. १७९० ते १८४० या सहा जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांचे आकडे आहेत. म्हणून या साठ वर्षांत बाप-मुलाचा दुवा जनगणनेवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी मृत्युपत्र, वाटणीचे दस्त आणि थडगी लागतात. घरात जुने जर्मन बायबल असेल तर त्याच्या कोऱ्या पानांवरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात आणि बायबल कधी छापले तेही पाहावे. १८१० मध्ये छापलेल्या बायबलात १७४५ चा जन्म लिहिला असेल तर तो आठवणीवरून लिहिलेला आहे, हे उघड आहे.

‘टाउफशाइन’ नावाचे सजवलेले बाप्तिस्मा-पत्र मिळाले तर भाग्य समजावे. रंगीत पक्षी आणि फुले यांच्यामध्ये मुलाचे जन्मस्थळ, आईबापांची नावे आणि पुष्कळदा आईचे माहेरचे आडनावही असते. अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शन मागताना लग्नाचा किंवा मुलांच्या जन्माचा पुरावा म्हणून अशी पत्रे आणि बायबलची पाने अर्जाला जोडली, त्यामुळे ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पेन्शन-फायलींत सापडतात.

पडताळा : १७९० पर्यंतच्या प्रत्येक पिढीसाठी ‘हा त्याचा मुलगा’ असे सांगणारा एक तरी त्या काळचा कागद तुमच्याकडे आहे का? दुसऱ्याने इंटरनेटवर टाकलेली वंशावळ हा कागद नव्हे. ‘जन्म १७०५, जर्मनी’ एवढेच लिहिलेली नोंद पाहिली की ती कोणीतरी अंदाजाने भरली आहे असे समजून पुढे जावे.

टप्पा २ : कर-याद्या आणि जमीन

कर-यादी हे रुक्ष साधन आहे, पण माणसाचा काळ जितका नेमका तेथे पकडता येतो तितका क्वचितच दुसरीकडे येतो. पेन्सिल्व्हेनियात एकवीस वर्षांवरील स्वतंत्र अविवाहित पुरुषांची नावे यादीच्या शेवटी वेगळी लिहिली जात. जॉर्ज मिलर १७६७ मध्ये या अविवाहितांत आणि १७६९ मध्ये मुख्य यादीत असेल, तर लग्न मधल्या काळात झाले असावे आणि जन्म १७४६ च्या आसपास किंवा आधी, हे दोन निष्कर्ष एका फटक्यात मिळतात. स्वतःची जमीन नसलेल्या, दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या बिऱ्हाडांची नोंदही वेगळी असते. यादी एका वर्षाची नव्हे, सलग मिळतील तेवढ्या वर्षांची पाहावी. नाव अचानक गळाले आणि पुढच्या वर्षी त्याच जागी ‘विधवा मिलर’ आली, तर मृत्यूचे वर्ष सापडले.

जमिनीच्या कागदांचा क्रम नीट समजून घ्यावा, कारण येथे गोंधळ नेहमीचा आहे. आधी अर्ज, मग वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, मग प्रत्यक्ष मोजणी, आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकीची अंतिम सनद. या चार पायऱ्यांत कधी दोन वर्षे जात, कधी चाळीस. वॉरंट एकाच्या नावावर आणि पेटंट भलत्याच्याच, असेही पुष्कळदा दिसते, कारण मधल्या काळात हक्क विकला गेलेला असतो. त्यामुळे पेटंटच्या तारखेला माणूस तेथे ‘आला’ असे कधीही लिहू नये. वॉरंटची रजिस्टरे आणि मोजणीच्या नकला हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराकडे आहेत आणि त्यांच्या प्रतिमा संकेतस्थळावर पाहता येतात. एकदा पेटंट झाल्यावर पुढची खरेदी-विक्री काउंटीच्या दस्तनोंदणी कचेरीत पाहावी.

मोजणीच्या नकाशावर चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे असतात. सात-बारा आणि गट-नकाशा पाहणाऱ्या आपल्या वाचकाला त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ती नावे येथेच उतरवून ठेवावीत; टप्पा ६ आणि ७ मध्ये सगळा भार त्यांच्यावर पडणार आहे.

टप्पा ३ : मृत्युपत्र आणि अनाथ-न्यायालय

मृत्युपत्र मिळाले की लोक मुलांची नावे उतरवून थांबतात. त्यापेक्षा साक्षीदार, व्यवस्थापक आणि कर्जाऊ पैसे देणारे-घेणारे यांची नावे जास्त काम देतात, कारण ती माणसे बऱ्याचदा मेहुणे, जावई किंवा मूळ गावचे सोबती असतात. मृत्युपत्र नसल्यास मालमत्तेच्या वाटणीचे कागद पाहावेत. वसाहतकाळी पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, त्यामुळे वाटणीच्या आकड्यांवरूनच थोरला कोण ते कळते.

‘अनाथ-न्यायालय’ या नावाने फसू नये. बाप वारलेला अज्ञान मुलगा, आई जिवंत असली तरी, कायद्याच्या दृष्टीने अनाथच होता. चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल आपला पालक स्वतः निवडू शके, म्हणून ‘चौदा वर्षांखालील’ आणि ‘चौदा वर्षांवरील’ ही वर्गवारी वयाचा अंदाज देते.

सावधान : ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप आणि मुलगा असे गृहीत धरू नये. एका टाउनशिपमध्ये एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर आणि धाकटा ज्युनियर. ते काका-पुतणे किंवा एकमेकांचे कोणी नसलेलेही असतील. सीनियर वारला की कालचा ज्युनियर सीनियर होतो. तसेच त्या काळच्या इंग्रजीत ‘सन-इन-लॉ’ हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत.

टप्पा ४ : चर्चच्या नोंदवह्या

येथे आधी पंथ ठरवावा लागतो, कारण पंथावरून कोणता कागद असू शकतो आणि कोणता असूच शकत नाही हे ठरते. लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन्ही प्रोटेस्टंट पंथांत बालकांचा बाप्तिस्मा होतो आणि त्याची नोंद होते. मेनोनाइट आणि तत्सम पंथांत बाप्तिस्मा प्रौढपणी होतो, त्यामुळे त्यांच्या मुलांची बाप्तिस्म्याची वही शोधणे व्यर्थ आहे. त्यांच्यासाठी दस्त, मृत्युपत्रे आणि बायबलेच पाहावी लागतात. १७४१ मध्ये बेथलेहेम वसवणाऱ्या मोरेव्हियन लोकांचा प्रकार वेगळाच. त्यांच्यात प्रत्येक सभासदाचे जीवनवृत्त लिहून ठेवण्याची चाल होती, आणि बेथलेहेमच्या त्यांच्या अभिलेखागारात जन्मगावापासून समुद्रप्रवासापर्यंत सगळे सांगणारी अशी वृत्ते मिळतात. पूर्वज मोरेव्हियन निघाला तर पुढचे अर्धे टप्पे वाचतात.

लुथरन-रिफॉर्म्ड कुटुंबांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दोन्ही पंथ अनेक ठिकाणी एकाच इमारतीत आळीपाळीने उपासना करत, वह्या मात्र वेगळ्या ठेवत. नवरा एका पंथाचा आणि बायको दुसऱ्या पंथाची असेल तर मुले दोन्ही वह्यांत विखुरलेली असतात. दुसरी, पास्टर फार थोडे होते. लुथरन पंथाचा हाइनरिश मेल्खिओर म्युलेनबेर्ग १७४२ मध्ये आणि रिफॉर्म्ड पंथाचा मिखाएल श्लाटर १७४६ मध्ये येईपर्यंत बहुतेक वस्त्या फिरत्या पास्टरांवर अवलंबून होत्या, आणि असे पास्टर आपली वही बरोबर घेऊन फिरत. १७२८ मध्ये आलेल्या योहान कास्पर श्टोएव्हर याच्या खासगी वहीत पेन्सिल्व्हेनियापासून व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यापर्यंतचे बाप्तिस्मे आणि विवाह आहेत. म्हणून ‘गावच्या चर्चमध्ये नोंद नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा होत नाही.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतला सर्वांत मोलाचा रकाना मुलाचा नसून धर्मसाक्षीदारांचा आहे. साक्षीदार बहुधा आईबापांचे भावंड किंवा मूळ गावचे ओळखीचे असत, आणि मुलाला पुष्कळदा त्यांचेच नाव मिळे. छापील इंग्रजी अनुवादांत नेमका हाच रकाना गाळलेला असतो किंवा सगळी नावे वर्णक्रमाने लावून टाकलेली असतात, त्यामुळे एका दिवशी एकत्र आलेली कुटुंबे एकमेकांपासून तुटतात. मी स्वतः अशाच एका छापील सूचीवर विसंबून दोन महिने भलत्याच गेओर्गच्या मागे घालवले. मूळ वहीचे पान पाहिल्यावर कळले की सूची करणाऱ्याने बापाच्या जागी साक्षीदाराचे नाव घेतले होते. अनुवाद फक्त पान शोधण्यासाठी वापरावा आणि नोंद मूळ पानावरूनच उतरवावी.

मूळ पान म्हणजे ‘कुरेन्ट’ लिपी. मोडीशी ओळख असलेल्याने तिला घाबरण्याचे कारण नाही, कारण हात न उचलता धावणारी अक्षरे हा प्रकार आपल्याला परका नाही. तिच्यात ‘ए’ हे अक्षर ‘एन’ सारखे दिसते आणि ‘यू’ ओळखू यावे म्हणून त्याच्या डोक्यावर आकडी काढलेली असते. आधी पास्टरने वरचेवर लिहिलेले शब्द, म्हणजे जन्म, बाप्तिस्मा, साक्षीदार, पत्नी, यांची अक्षरे ओळखून त्यांचा तक्ता करावा आणि मग त्याच हातच्या नावांकडे वळावे. दर नव्या पास्टरबरोबर तक्ता नवा करावा लागतो.

पडताळा : आता तुमच्याकडे टाउनशिप, पंथ, बायकोचे नाव, निदान तीन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि आठ-दहा शेजारी-साक्षीदारांची यादी असायला हवी. नसेल तर जहाजाकडे जाऊ नये.

टप्पा ५ : नागरिकत्व, कराराची वर्षे आणि जर्मन वृत्तपत्रे

१७४० च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतीत सात वर्षे राहिलेल्या परदेशी प्रोटेस्टंटाला नागरिकत्व मिळू लागले. या काळात एका वेळी दोन महिन्यांहून अधिक काळ वसाहतीबाहेर राहायचे नसे आणि गेल्या तीन महिन्यांत प्रभुभोजन घेतल्याचा दाखला लागे. क्वेकर आणि त्यांच्यासारख्या शपथ न घेणाऱ्यांना सवलत होती. यावरून दोन गोष्टी मिळतात : माणूस नागरिकत्वाच्या किमान सात वर्षे आधी आलेला होता, आणि तो कोणत्या गटातला होता. सगळ्यांनी हे नागरिकत्व घेतले नाही, त्यामुळे नाव न सापडणे हा पुरावा ठरत नाही.

प्रवासाचे भाडे देऊ न शकलेले पुष्कळ जण उतरल्यावर काही वर्षांच्या कामाच्या करारावर विकले जात; प्रौढांसाठी ही मुदत साधारणतः तीन ते सहा वर्षांची असे आणि मुले एकवीस वर्षांची होईपर्यंत बांधली जात. माणूस १७४९ मध्ये उतरतो आणि १७५५ पर्यंत कर-यादीत दिसत नाही, यात गूढ काही नाही. त्या काळात तो दुसऱ्याच्या घरी राबत असावा. फिलाडेल्फियाच्या महापौरांच्या कचेरीतले १७७१ ते १७७३ या दोन वर्षांचे करार नावानिशी उपलब्ध आहेत. क्रिस्तोफ सावर याने १७३९ मध्ये जर्मनटाउनहून सुरू केलेले आणि हाइनरिश मिलर याने १७६२ पासून फिलाडेल्फियातून काढलेले, या दोन जर्मन वृत्तपत्रांत हरवलेल्या भावाबहिणींचा शोध घेणाऱ्या जाहिराती येत आणि त्यांत जर्मनीतले गाव स्पष्ट दिलेले असे. अशा जाहिरातींचे इंग्रजी गोषवारे आधी पाहून मग मूळ अंक मिळवावा.

टप्पा ६ : जहाज

आता याद्या उघडाव्यात. सप्टेंबर १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या वर्षीच्या ‘विल्यम अँड सारा’ या जहाजापासून १७७५ पर्यंतच्या या याद्या स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असतात. पहिली कप्तानाची, इंग्रजी कानाने लिहिलेली. काही वेळा तिच्यात वये, बायका आणि मुलेही असतात. दुसरी राजनिष्ठेच्या शपथेवरच्या सह्यांची आणि तिसरी दुसऱ्या एका शपथेवरच्या सह्यांची. तिन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात, कारण पहिलीत विद्रूप झालेले नाव दुसरीत माणसाने स्वतः नीट लिहिलेले असते.

तीन खंडांतला दुसरा खंड मूळ सह्यांच्या प्रतिकृतींचा आहे. तो न पाहता फक्त पहिल्या खंडाची सूची वापरणे, ही या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक. सही येत नसलेल्याचे नाव कारकून लिही आणि तो माणूस शेजारी खूण करी. तुमच्या पूर्वजाने मृत्युपत्रावर ठळक जर्मन सही केली असेल आणि यादीतल्या माणसाने फुली मारली असेल, तर तो माणूस आपला नसण्याचीच शक्यता अधिक. मात्र ही तुलना मूळ मृत्युपत्राशी करावी. काउंटीच्या मृत्युपत्र-वहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल, आणि तिच्यातली ‘सही’ कारकुनाच्याच हातची.

नाव जुळणारे पाच जण मिळाले तर शेजाऱ्यांची यादी बाहेर काढावी. ज्या जहाजावर आपल्या माणसाबरोबर त्याच्या टाउनशिपमधले आणखी तीन-चार जण, किंवा बायकोच्या माहेरचे आडनाव दिसते, ते जहाज इतरांपेक्षा कितीतरी वजनदार. नोंद करताना जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव आणि शपथेची तारीख ही तिन्ही लिहावीत, कारण एकच जहाज अनेक वर्षे फेऱ्या करी.

सावधान : यादीवर ‘रॉटरडॅमहून, शेवटचे बंदर काउझ’ असे असते. प्रवासी ऱ्हाइन नदीने रॉटरडॅमला येऊन तेथे जहाजात चढत, आणि इंग्रजी नौकानयन कायद्यांमुळे जहाजाला इंग्लंडच्या बंदरात थांबावे लागे. ‘जन्म रॉटरडॅम’ असे लिहिलेल्या वंशावळी याच ओळीतून जन्माला आल्या आहेत. एलिस आयलंडही येथे उपयोगाचे नाही. ते केंद्र १८९२ मध्ये उघडले.

आणि यादीत कोणीच नसेल तर? तो १७२७ पूर्वी आला असेल, उतरताना सोळा वर्षांखाली असेल, किंवा फिलाडेल्फियाला उतरलाच नसेल. कोनराड वायझर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. हा वसाहतीचा दुभाषी टुल्पहॉकनला राहत होता, पण तो १७१० मध्ये मुलगा असताना बापाबरोबर न्यूयॉर्कला उतरला, तेथून कुटुंब स्कोहारी खोऱ्यात गेले आणि तो स्वतः १७२९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात आला. टुल्पहॉकनची पहिली काही कुटुंबे १७२३ मध्ये याच वाटेने आली होती. अशांसाठी १७०९ मध्ये लंडनला जमलेल्या जर्मनांच्या याद्या आणि न्यूयॉर्कचा गव्हर्नर हंटर याने निर्वासितांना दिलेल्या शिध्याचे हिशेब पाहावेत. व्हर्जिनियातील जर्माना ही १७१४ ची आणि जॉर्जियातील एबेनेझर ही १७३४ ची वस्ती. त्यांची कागदपत्रेही स्वतंत्र आहेत.

टप्पा ७ : समुद्रापलीकडचे गाव

एवढे झाल्यावरच जर्मनीकडे वळावे, आणि तेही आपल्या माणसाच्या नावाने नव्हे तर समूहातल्या सर्वांत विरळ आडनावाने. म्युलर कोठेही सापडेल. त्याच जहाजावरचा, त्याच टाउनशिपमधला आणि त्याच्या मुलाचा साक्षीदार असलेला विचित्र आडनावाचा माणूस एक-दोन गावांतच सापडेल. क्राइखगाउ आणि पश्चिम फाल्त्स या भागांतून गेलेल्या अठराव्या शतकातल्या कुटुंबांची संकलने छापलेली आहेत, ती आधी पाहावीत. गाव मिळाले की जुन्या जर्मन साम्राज्याच्या मायर गॅझेटियरमध्ये त्याचे चर्च कोणते ते पाहावे. वायलर, श्टाइनबाख, नॉयश्टाट अशी नावे डझनांनी आहेत, म्हणून गावाबरोबर संस्थान जुळते का हेही तपासावे. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन हे सशुल्क संकेतस्थळ, कॅथलिक वह्यांसाठी माट्रिकुला हे मोफत, आणि दोन्हींतल्या काहींसाठी फॅमिलीसर्च. फाल्त्समध्ये १६८९ च्या जाळपोळीत कितीतरी वह्या नष्ट झाल्या, त्यामुळे अनेक ठिकाणी वहीच त्यानंतर सुरू होते.

नाव आणि साल जुळणारा बाप्तिस्मा सापडला की काम संपले असे वाटते, पण खरी परीक्षा आता असते. त्याच वहीत पुढे जाऊन तीन गोष्टी शोधाव्यात. हे मूल लहानपणीच वारल्याची नोंद आहे का? असेल तर पुढच्या भावालाही तेच नाव दिलेले असते आणि आपला माणूस तो धाकटा. हाच माणूस अमेरिकेत पोहोचल्याच्या तारखेनंतरही गावात मुलांचे बाप्तिस्मे करवत आहे का? असेल तर तो आपला नव्हे. आणि त्याच्या बायकोचे नाव व मोठ्या मुलांची नावे पेन्सिल्व्हेनियातल्या नावांशी जुळतात का? काही पास्टरांनी नोंदीच्या कडेला ‘पेन्सिल्व्हेनियाला गेला’ असे लिहून ठेवले आहे. असा शेरा मिळाला तर त्याच्यासारखा पुरावा नाही.

वहीबाहेर संस्थानाची दफ्तरेही पाहावीत. फाल्त्स, बाडेन-डुर्लाख अशा प्रदेशांत पुष्कळ प्रजा भूदास होती आणि देश सोडण्यासाठी मुक्तीचे शुल्क आणि मालमत्तेचा काही भाग भरावा लागे. या वसुलीच्या नोंदींत नाव, गाव आणि कोठे जाणार ते आलेले असते. जे पैसे न भरता गुपचूप निघाले त्यांची नावे जप्त केलेल्या मालमत्तेच्या कागदांत येतात.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात : साधी चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे विश्वासाने बोलत नाही. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी मात्र एकाच आडनावाची दोन घराणी एका मुळाची आहेत की नाहीत, हे सांगू शकते.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक दुव्यापुढे तो कोणत्या कागदावर उभा आहे ते लिहावे आणि ‘सिद्ध’, ‘संभाव्य’, ‘केवळ नावाचे साम्य’ अशी प्रत ठरवावी. गाव सापडले नसेल तर जॉर्ज मिलरच्या बापापुढे ‘१७५० पूर्वी आगमन, जर्मन भाषक प्रदेश’ एवढेच लिहून गावाची जागा कोरी सोडावी, आणि तपासून नाकारलेले सगळे योहान गेओर्ग, नाकारण्याच्या कारणांसह, त्याच पानाच्या मागे नोंदवून ठेवावेत. नाहीतर पुढच्या वर्षी घरातलेच दुसरे कोणीतरी त्यांतला पहिला उचलून पुन्हा वंशावळीत बसवेल.